दोन हातांची काडी

रावेतच्या मारुतीच्या पारावर सोपानराव काडी शोधायला वाकले, तेव्हाच सोजराला कळलं की आपल्याला विचारायला नव्हे, उरकायला बोलावलंय.

सोपानराव तिचे थोरले चुलते आणि गावचे पंच. बाकी चौकशीत नसले तरी काडीच्या बाबतीत ते चोखंदळ होते. पहिली काडी कुजकी निघाली, दुसरीला गाठ होती. गाठीची काडी मोडताना चिरते, आणि चिरली की मोडली का नाही यावरून पुन्हा वाद. अखेर बैलापुढच्या गवतातली एक सरळ वाळकी काडी त्यांनी उचलली, धोतराला पुसली, तिचं एक टोक अर्जुनच्या हातात दिलं आणि दुसरं सोजरापुढं धरलं.

"धर पोरी. मोडली की सुटलीस."

त्या पट्ट्यातली काडीमोड एवढीच. एक टोक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. पंचांदेखत काडी मोडायची, बाईनं आपल्या हातानं डोरलं काढून नवऱ्याला द्यायचं आणि दोघं मोकळे. मोकळे म्हणजे पुरुष मोकळा. तो पुढच्या वैशाखात पुन्हा हळद लावून घोड्यावर बसायला तयार. बाईचा मात्र नंतर पाट लागायचा, तोही अंधार पडल्यावर, मागच्या दारी, हळदीशिवाय. मग जन्मभर कुणाच्या मांडवात तिनं पुढं व्हायचं नाही. काडी मोडून कचऱ्यात जायची, पण बाई मोडलेलीच राहायची.

सोजरानं हात पदराखालून काढला नाही. तिनं समोर पाहिलं.

"अर्जुन, ह्या डोरल्यावर दात कुनाचे हायत?"

भर पंचांत बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं. दीपमाळेआड उभी असलेली तिची आई मंजुळाबाई "अगं ए!" म्हणून तोंडाला पदर लावून खालीच बसली.

"नाव घेतीस नवऱ्याचं?" सोपानराव ओरडले.

"नवरा आसता तर घेतलं नसतं, तात्या."

दातांची गोष्ट अशी. अर्जुन चाकणच्या पलीकडचा. पिंपरीच्या अंगाला नव्या निघालेल्या एका कारखान्यात कामाला होता. आईबाप नाहीत, भावकीशी वाकडं, म्हणून लग्नाला त्याच्या बाजूनं कारखान्यातली चार माणसं तेवढी आली. स्थळ सोपानरावांनीच आणलं होतं. "ढेकळं फोडणाऱ्यापरीस भोंग्यावर पगार घेनारा जावाय बरा," असं ते गावभर सांगत फिरले. वैशाखात लग्न लागलं. सोन्याचं डोरलं बघून सगळ्यांचे डोळे दिपले आणि कुणाला चौकशी सुचली नाही.

पिंपरीच्या खोलीत दुसऱ्याच दिवशी सोजराला त्या डोरल्यावर बारीक खळगे दिसले. मांडीवरचं पोर दात फुटताना आईचं डोरलं धरून चावतं, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. तिनं अर्जुनला विचारलं. तो हसला. "माजेच दात. आईचं डोरलं हाय ते." त्या उत्तरावर सोजरा भाळली होती. आईवेगळ्या माणसाचे दूधदात आपण गळ्यात घालून हिंडतोय, असं वाटून तिला भरून यायचं. ते आठवलं की आता तिला अर्जुनपेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

गौरीला माहेरी आली तेव्हा ती बापाबरोबर कांद्याचं बी आणायला चाकणच्या बाजाराला गेली. मिरच्यांच्या पाटीपाशी एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. पोरीनं हात लांबवून सोजराचं डोरलं धरलं. तो हात सोडवताना बाईची नजर डोरल्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"हे माजं हाय," बाई म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, नवल होतं. "आमच्या मालकांनी गाठवाया नेलंय. सोनाराकडं."

"मालकांचं नाव काय?" सोजरानं विचारलं.

बाईनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग हळूच म्हणाली, "पांडवांतला तिसरा."

सोजरालाही नाव घेता येत नव्हतं. भर बाजारात दोघी जणी एकाच माणसाचं नाव तोंडात धरून उभ्या राहिल्या. त्यानंतर सोजरा पिंपरीला गेली नाही.

आता पारावर अर्जुन तसाच हसला. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. "माजेच दात हायत," तो म्हणाला. "आईचं डोरलं. पंचांम्होरं सांगतो. आन् दुसरी बायकू बियकू ही बाजारगप्पा. हिला नांदायचं न्हाई तर मोडू. माजी ना न्हाई."

"ऐकलंस?" सोपानराव म्हणाले. "मानूस सरळ बोलतोय. गावाची अब्रू कशापायी चव्हाट्यावर आनतीस? धर काडी."

"तात्या, जुळलंच न्हाई ते मोडू कसं? मोडलं म्हनायचं तर आधी जुळलं व्हतं म्हनावं लागंल. खोटं हाय त्याला खोटं म्हना. मोडलं म्हनू नका."

ती पारावरून उतरून चालू लागली. काडी सोपानरावांच्या हातात राहिली. घरी जाताना त्यांनी त्याच काडीनं दात कोरले, असं लोक पुढं बरेच दिवस सांगत.

गावाला विषय मिळाला. पाणवठ्यावर बायका सोजरा आली की घागरी घासायला लागायच्या, आधीच घासलेल्या असल्या तरी. कुणी म्हणालं, पोरीला कारखान्याचं वारं लागलं. कुणी म्हणालं, नवऱ्याचं नाव घेणारीची जीभ झडते. सोजराची झडली नाही. उलट जो विचारील त्याला ती अर्जुनचं नाव ठासून सांगायची.

तिचा बाप चिमाजी मितभाषी माणूस. तो वर्षानुवर्षं पुण्यातल्या एका वकिलाच्या घरी कांदा आणि गूळ पोचवायचा. एक दिवस त्यानं गाडी जुंपली आणि सोजराला म्हणाला, "बस." वाटेत तो बैलांशी तेवढा बोलला.

वकील म्हातारे होते, कानानं जरा कमी. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घटस्फोट मागू नका," ते म्हणाले. "घटस्फोट खऱ्या लग्नाचा होतो. परवाच्या साली नवा कायदा झालाय. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न लावलं, तर ते लग्नच नव्हे. कोर्टानं ते मोडायचं नसतं. ते झालंच नाही, एवढंच सांगायचं असतं."

सोजरा उठून उभी राहिली. पारावर ती जे बोलली होती, तेच हा शिकलेला माणूस पुस्तकातून सांगत होता. "म्हंजी मी अजून कुवार?"

वकील खोकले. चिमाजी छताकडं बघू लागला.

"कायद्याच्या लेखी, हो," वकील म्हणाले. "पण त्या पहिलीनं येऊन सांगायला हवं. आणि तिची काडीमोड झालेली असता कामा नये. तुमच्यातली काडीमोड कायद्याला मान्य आहे. तो म्हणणार, पहिलीची मी केव्हाच मोडली. मग तुझं लग्न खरं ठरेल."

"पुन्यांदा काडीवरच आलं की सगळं."

"आलं खरं. फीचं मनात आणू नकोस. तुझ्या बापाचे कांदे माझ्या घरात माझ्या मुलांपेक्षा जुने आहेत."

मार्गशीर्षात अर्ज लागला आणि इकडं कांद्याची लागण आली. पवनेकाठच्या वाफ्यांत पाणी सोडलं की चिखल घोट्यावर यायचा. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं भोक पाडायचं, रोप खोवायचं, पुढं सरकायचं. दुपारपर्यंत पाठीचा कणा सरळच होत नाही असा आखडून जायचा, आणि बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडायची. मंजुळाबाई शेजारच्या वाफ्यातून अधूनमधून म्हणायची, "आगं, काडी धरली आसतीस तर आज तुजं दुसरं बघितलं आसतं." सोजरा रोप एवढ्या जोरानं खोवायची की मंजुळाबाईला गप्प बसावं लागायचं.

पिंपरीचा भोंगा वाऱ्यावर नदीकाठपर्यंत ऐकू यायचा. तो वाजला की सोजरा वाफ्यातून अजून उठू बघायची. सकाळी भोंग्याआधी अर्जुनचा डबा व्हायला हवा, ही सवय अंगातून जायला वेळ लागत होता. अंगालाही फसवलं होतं त्यानं.

लागण उरकल्यावर बाजारातल्या ओळखीवरून माग काढत ती भामा नदीच्या वरल्या अंगाला, डोंगराखालच्या एका वाडीत गेली. शालन, म्हणजे बाजारातली ती बाई, बापाच्या खळ्यावर पेंढ्याची गंज रचत होती. पोर पेंढ्यातच लोळत होती. शालननं सोजराला पाहिलं आणि काम चालूच ठेवलं. सोजरानं पदर खोचला आणि खालून पेंढ्या वर द्यायला लागली. बराच वेळ दोघी तशाच राबल्या. गंज कमरेच्या वर गेली तेव्हा शालन बोलली.

"कोर्टात येनार न्हाई मी. आले तर ते मला कधीच न्यायचे न्हाईत."

"आता नेत्यात का, अक्का?"

शालननं हातातली पेंढी दाबून बसवली. मग एकदम म्हणाली, "मानूस धाडला व्हता. लगनाआदी का मागून ते ठावं न्हाई. अर्धी काडी घिऊन आला. म्हनला, तिकडं मोडली, ही तुजी अर्धी."

"मग?"

"चुलीत घातली. एका हातानं मोडलेली काडी जळनालाच बरी." तिनं वरून पेंढी मागितली. "पर वाडीला ठावं न्हाई. मी सांगत आस्ते, मालक कामावर हायत, खोली घावली की नेनार हायत. पोरीच्या जावळाला बी तसंच सांगितलं."

सोजराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. त्या वाडीत आपण आपलं दुःख घेऊन आलो, आणि इथं आपल्याआधीचं, आपल्याहून थोरलं दुःख पेंढ्या रचतंय.

"मी काडी धरली आसती," ती म्हणाली, "तर दुसऱ्या दिशी त्यो तुला बी म्हनला आसता, तुजी मोडली, हिची बी मोडली, आता तिसरी बघतो. मी न्हाई धरली. तू बी न्हाई धरलीस. एवढंच सांगायचं हाय. ही पोर कुनाच्या नावावर वाढनार, अक्का? पांडवांतल्या तिसऱ्याच्या?"

निघताना पोरीनं पुन्हा डोरल्याला हात घातला. शालननं तो सोडवला, पण सावकाश सोडवला.

फाल्गुनात कांदा काढणीला आला. माना पडल्या, पात पिवळी झाली. सगळं घर रानात होतं. चिमाजी कुदळीनं सरी उकरत होता, मायलेकी विळ्यानं पात कापून ढीग लावत होत्या. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते आणि हातांना काळा चीक धरला होता. तिसऱ्या प्रहरी बांधावरून एक बाई आली. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. तिनं गाठोडं लिंबाखाली ठेवलं, पोरीला त्याच्याशेजारी बसवलं आणि सोजरापुढं हात केला.

"इळा हाय का दुसरा?"

मंजुळाबाईनं आपला विळा तिला दिला आणि स्वतः पोरीला भाकरी द्यायला गेली. तिनं त्या दिवसापासून काडीचं नाव काढलं नाही.

दोघी एका बांधावर कांदा कापतायत, ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ! सोपानराव तरातरा आले. रुमाल डोक्यावर नव्हता, हातात होता.

"सवतीला घरात घेतली?" त्यांनी भावाला विचारलं. चिमाजी सरी उकरतच राहिला.

"सवत न्हाई, तात्या," सोजरा खाली बघूनच म्हणाली. "सवत व्हायला आधी मी बायकू पायजे."

"लई शहाणी झालीस. कोर्टाचं समन मला बी आलंय. मला! मी लगीन जमवलं म्हनून? पुन्यात मला पिंजऱ्यात उभा करनार तू?"

"तुमी पारावर काय ऐकलं तेवढंच सांगायचं."

"मी काय बी ऐकलं न्हाई," सोपानराव म्हणाले आणि ढीग तुडवत निघून गेले. दोन-चार कांदे फुटले. शालननं ते वेचून वेगळे ठेवले, कालवणाला.

तारखेच्या दिवशी सगळे पहाटेच निघाले. चिंचवड स्टेशनापर्यंत पायी, पुढं आगगाडी. सोपानराव वेगळ्या डब्यात बसले. सोजरानं हात राखेनं घासले होते, तरी नखांत कांदा होताच. कोर्टात तिच्या शेजारी बसलेली एक पुणेकर बाई नाकाला रुमाल लावून दोन जागा पलीकडं सरकली. सोजरा तिच्या दिशेनं एक जागा सरकून बसली.

आधी शालनला उभं केलं. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

शालननं कठड्यावरचे हात पदराला पुसले.

"बाई, नाव सांगा. लिहायचंय."

"पांडवांतला तिसरा," शालन म्हणाली. कुणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी वर पाहिलं तसं हसणं थांबलं.

अर्जुनचा वकील तरुण होता, चटपटीत. "तुमच्यात काडीमोड होते की नाही, बाई?"

"हुते."

"मग तुमची झाली. दोन साक्षीदार सांगतायत."

"काडीला दोन टोकं आस्त्यात," शालन म्हणाली. "एक त्येंच्या हातात आसंल. दुसरं कुनाच्या हातात व्हतं ते त्या साक्षीदारांस्नी इचारा. माज्या न्हवतं."

मग सोजराला उभं केलं. कारकुनानं तोच प्रश्न विचारला, आणि तिनं अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं सांगितलं, "अर्जुन. पन ते नवऱ्याचं नाव म्हनून लिवू नका. नुसत्या अर्जुनचं लिवा."

नंतर अर्जुन आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. शपथ घेऊन म्हणाला, पहिलीची काडी रीतीनं मोडली, पंचांदेखत. तिनं आपल्या हातानं डोरलं काढून दिलं. "न्हाईतर तिचं डोरलं माज्याकडं आलं आसतं कसं?" असं म्हणून त्यानं कोर्टाकडं पाहिलं, आणि कोर्टानं सोजराच्या गळ्याकडं. आतापर्यंत जे डोरलं त्याचं खोटं दाखवत होतं, तेच त्यानं आपला पुरावा करून टाकलं होतं. सोजरानं डोरलं मुठीत धरलं. एवढं सगळं करून आपण खरी बायको ठरणार, ह्या माणसाच्या, जन्माच्या! तिला ओरडावंसं वाटलं.

दुपारी कोर्ट उठलं. आवारातल्या चिंचेखाली सोपानराव एकटेच भाकरी खात बसले होते. सोजरा नळावर पाणी प्यायला गेली, तेव्हा अर्जुन त्यांच्याशेजारी येऊन टेकला. तिच्याकडं त्याची पाठ होती.

"तात्या, दुपारी तुमाला बलावतील. आईच्या डोरल्याचं काय बी काडू नका. मी पारावर असं काय बोललोच न्हाई म्हना. तुमचं बी नाव राहील, माजं बी. येड्या पोरीपायी कशाला तोंड काळं करायचं?"

"पारावर काय बोललाच न्हाई म्हनू?" सोपानरावांनी घास खाली ठेवला.

"व्हय. पारावर काय, लोकं कायबी बोलत्यात. त्याला कोन इचारतंय."

सोपानराव उठले. म्हातारा माणूस, उठायला वेळ लागला, पण उठल्यावर तो अर्जुनपेक्षा उंच दिसला. "मारुतीच्या पारावर कायबी बोलत न्हाईत," ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यापासून त्या पारावर बोललेला शबूद कुनी गिळलेला न्हाई. आन् तू मला गिळ म्हनतोस? भाकरीसंगं?"

सोजराला हसू आलं आणि रडूही. पोरीच्या जन्माचा प्रश्न होता तेव्हा हा माणूस हलला नाही. पाराचा मान गेला म्हटल्यावर हलला. पण हलला.

दुपारी सोपानराव पिंजऱ्यात कठडा धरून उभे राहिले. त्यांनी पारावरचा शब्दन् शब्द सांगितला. अर्जुन म्हणाला, आईचं डोरलं हाय. म्हणाला, दात माजे. म्हणाला, दुसरी बायको नाही. कुणाची काडीमोड झाल्याचं अवाक्षर काढलं नाही.

"तेव्हा आईचं, आणि आता पहिल्या बायकोनं परत दिलेलं," सोजराचे वकील म्हणाले. "एकच डोरलं."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "हे लग्न तुम्हीच जमवलंत ना? मग चौकशी केली नव्हती?"

"मला फसवलं साहेब—" सोपानराव सुरू झाले आणि अडले. कोर्टात माशी घोंगावत होती. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "न्हाई. मीच केली न्हाई चौकशी. पगार ऐकला आन् बाकीचं इचारलं न्हाई."

गाडीत परतताना ते सोजरा-शालनच्याच डब्यात बसले. उतरताना मात्र शालनच्या झोपलेल्या पोरीला त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि रावेतपर्यंत खाली ठेवलं नाही.

निकाल चैत्र सरता सरता लागला. इंग्रजीत होता. वकिलांनी व्हरांड्यात येऊन सांगितलं, "पहिलीची काडीमोड झाली नाही. तेव्हा दुसरं लग्न मुळातच रद्द. मोडलं नाही, पोरी. झालंच नाही."

"पुन्यांदा सांगा," सोजरा म्हणाली.

वकिलांनी पुन्हा सांगितलं. ती तिसऱ्यांदाही सांगायला लावणार होती, पण अर्जुन पुढं आला. त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडली होती. त्यानं हात पुढं केला.

"डोरलं दे. ते माजं हाय."

सोजरानं गळ्यातून डोरलं काढलं. इतके महिने आईनं सांगितलं, शेजारणींनी सांगितलं, तरी तिनं ते काढलं नव्हतं. काढून त्याच्या हातात द्यायचं म्हणजे काडीमोडच झाली असती. तिनं ते शालनच्या हातात ठेवलं. शालननं ते गळ्यात घातलं नाही. कनवटीला खोचलं.

"आता हे पोरीचं," शालन म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. "दात तिचेच हायत, अर्जुनराव. खायला बी तुमीच घालायचं हाय तिला. वकिलांनी सांगितलंय, त्याचा बी अर्ज लागतो म्हनं."

वैशाखात सोपानरावांच्या इंदूचं लग्न निघालं. ह्या खेपेला ते स्वतः नवऱ्यामुलाच्या गावी चार वेळा जाऊन आले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आले, इतकं की व्याही वैतागले. हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद आली. इंदूला लावून झाल्यावर उरलेली हळद कुवार पोरींच्या गालांना लावायची, म्हणजे त्यांचंही लवकर जमतं, अशी रीत. मांडवात पोरी रांगेनं बसल्या होत्या. सोजरा येऊन त्या रांगेत बसली.

सोपानरावांची बायको रुक्मिणीबाई वाटी घेऊन एकेकीचे गाल पिवळे करत आली. सोजरापाशी तिचा हात थांबला. कोर्टानं काय म्हटलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोर्ट पुण्यात होतं आणि मांडव इथं होता.

"सोजरे," रुक्मिणीबाई गोड आवाजात म्हणाली, "चुलीकडं भाकऱ्यांचं जरा बघतीस का?"

चुलीकडं विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पाटाच्या होत्या. मांडवाच्या मेढीला टेकलेले सोपानराव काहीतरी बोलायला सरसावले. त्यांच्या आधी सोजराचा हात वाटीत गेला. तिनं मूठभर हळद घेतली आणि गालांना लावली, कपाळाला लावली, गळ्याला लावली. जिथं डोरलं असायचं तिथं तर चांगली चोळली.

"काकी, माजं जमावं म्हनून न्हाई," ती म्हणाली. "मोडलं न्हवतं म्हनून."

इंदू, डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, पाटावर बसल्या बसल्या हसत सुटली. मग दुसरी पोर हसली. रुक्मिणीबाई रिकामी वाटी घेऊन उभी राहिली. सोपानरावांनी घसा साफ केला आणि हळद आणखी कालवायला सांगितली.

तिन्हीसांजेला मंजुळाबाई तांब्या घेऊन लेकीकडं आली. "तोंड धू बाई, घरी जायचंय. वाटंत पार हाय. मानसं बसली आसतील."

"आसूं दे की," सोजरा म्हणाली. तांब्यातलं पाणी ती घटाघटा प्यायली. आणि पिवळ्या तोंडानं, पदर डोक्यावर न घेता, पारावरून चालत घरी गेली.